अर्ध्या सेकंदात संपणाऱ्या केंद्रकाचं वजन कसं करतात, आणि कशासाठी?

अमळनेरजवळच्या एका गावातून एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने विचारलं आहे: "सर, बीटा क्षयावरच्या पेपरांत सारखं 'हाय-प्रिसिजन मास मेजरमेंट' येतं. क्षयाचा अभ्यास करायचा तर बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन मोजावा, वजन कशाला? आणि जे केंद्रक अर्ध्या सेकंदात नाहीसं होतं ते तोलतात तरी कसं? इथे जळगाव जिल्ह्यात बसून यात काही करता येईल का?"

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पाठ्यपुस्तकं तो दोन ओळींत उरकतात.

इलेक्ट्रॉन मोजावा हे कुणालाही सुचेल. अडचण अशी की बीटा क्षयात (केंद्रकातला न्यूट्रॉन प्रोटॉन होतो किंवा उलट) इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन एकटा निघत नाही. न्यूट्रिनो सोबत असतो, आणि तो ऊर्जेतला आपला वाटा घेऊन जातो. तो वाटा दर वेळी वेगळा. त्यामुळे इलेक्ट्रॉनची ऊर्जा शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत कुठेही असू शकते. आपल्याला हवी असते ती मर्यादा, म्हणजे क्षयात एकूण किती ऊर्जा सुटली ते, ज्याला आम्ही क्यू-व्हॅल्यू म्हणतो. नेमकं स्पेक्ट्रमच्या त्या टोकाला मोजायला इलेक्ट्रॉन जवळपास उरतच नाहीत. शिवाय डिटेक्टरमधून उलट उसळून गेलेले, कडेला अर्धीच ऊर्जा सोडून गेलेले इलेक्ट्रॉन त्या टोकाचा आकार बिघडवतात. मग आईन्स्टाइनच्या समीकरणाचा आधार घ्यायचा. क्षयाआधीच्या अणूचं, म्हणजे पेरेंटचं वस्तुमान उणे क्षयानंतरच्या डॉटरचं वस्तुमान, हीच क्यू. न्यूट्रिनोने किती नेलं याच्याशी देणंघेणं उरत नाही.

आता ती इतकी अचूक कशाला? कारण क्षयाचा वेग क्यूच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो यांना ऊर्जा वाटून घ्यायचे जितके मार्ग मोकळे तितका क्षय जलद, आणि हे मार्ग ऊर्जेबरोबर झपाट्याने वाढतात. सार्जंटने १९३३ मध्ये हे आधी नुसत्या निरीक्षणातून दाखवलं, कारण पुढच्या वर्षी फर्मीने दिलं. पाचव्या घाताचा अर्थ सरळ आहे: क्यूमध्ये एक टक्का चूक, तर हिशेबात पाच टक्के.

पण क्यू एकटीच आयुष्य ठरवत नाही, आणि याचं उदाहरण आपल्या रावेर-यावलच्या केळीत आहे. एका केळ्यात साधारण ०.४ ग्रॅम पोटॅशियम असतं, त्यातला ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४०. त्याचा बहुतांश क्षय बीटा मार्गाने होतो आणि अर्धायुष्य आहे १२५ कोटी वर्षं. हिशेब केलास तर एका केळ्यात सेकंदाला दहा-बारा क्षय येतात. (घाबरायचं कारण नाही, आपल्या शरीरातही हेच पोटॅशियम आहे.) त्याच मूलद्रव्याचं पोटॅशियम-३८ चं आयसोमर (तेच केंद्रक, पण तळापेक्षा थोड्या जास्त ऊर्जेच्या अवस्थेत अडकलेलं) मात्र सेकंदाच्या आत निम्मं होतं, अर्धायुष्य ०.९२४ सेकंद. दोन्हींच्या क्यूमध्ये चार-पाच पटींचा फरक आहे, पण तेवढ्याने एक सेकंद आणि सव्वाशे कोटी वर्षं यांतली दरी भरत नाही. खरी मेख कोनीय संवेगात आहे. पोटॅशियम-४० चा स्पिन ४, कॅल्शियम-४० चा शून्य. इतका स्पिन बाहेर न्यायचा म्हणजे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोला फार अवघड जातं. त्यात केंद्रकाच्या आतल्या रचनेचा इतका गुंता येतो की मूलभूत बलाबद्दल त्यातून स्वच्छ काही हाती लागत नाही.

म्हणून आम्ही मुद्दाम असे क्षय निवडतो ज्यात आधीही स्पिन शून्य, नंतरही शून्य, पॅरिटी (आरशातल्या प्रतिमेत अवस्थेचं चिन्ह बदलतं की नाही हा गुण) तीच, आणि दोन्ही अवस्था एकमेकींच्या जुळ्या. यांना सुपरअलाउड म्हणतात. कार्बन-१०, ऑक्सिजन-१४, ॲल्युमिनियम-२६ चं आयसोमर, पोटॅशियम-३८ चं आयसोमर, व्हॅनेडियम-४६, गॅलियम-६२, रुबिडियम-७४ अशी ही मंडळी. इथे केंद्रकाची रचना जवळजवळ मधून निघून जाते. क्यूवरून काढलेला फेज-स्पेसचा (ऊर्जा वाटून घ्यायच्या मोकळ्या मार्गांचा) आकडा f आणि अर्धायुष्य t यांचा गुणाकार सगळीकडे सारखाच यायला हवा.

करूनच बघ. पोटॅशियम-३८ च्या आयसोमरसाठी f साधारण ३२९८ आणि t ०.९२४ सेकंद, गुणाकार ३०४७. व्हॅनेडियम-४६ साठी f साधारण ७२१० आणि t ०.४२२६ सेकंद, गुणाकार पुन्हा ३०४७. f दुपटीहून जास्त, t निम्म्याहून कमी, आणि गुणाकार हजारात एकाचाही फरक न पडता जुळतो. मी पहिल्यांदा हे कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा बटण चुकलं असं वाटून पुन्हा केलं होतं. इलेक्ट्रॉन-कॅप्चर (केंद्रक अणूतलाच इलेक्ट्रॉन गिळतं तो मार्ग), विकिरण आणि समरूपतेतली छोटी तूट (त्या दोन अवस्था तंतोतंत जुळ्या नसतात) यांच्या दुरुस्त्या घातल्या की सगळे आकडे ३०७२ सेकंदांच्या आसपास येऊन बसतात.

हा एकच आकडा का यावा यामागे सदिश प्रवाह (क्षय घडवणाऱ्या दुर्बल बलाचा एक भाग) केंद्रकात शिरूनही बदलत नाही ही कल्पना आहे. दुर्बल बलाची सदिश-अक्षीय मांडणी १९५७-५८ च्या सुमारास ज्यांनी केली त्यांत आपले ई. सी. जी. सुदर्शन होते, रॉबर्ट मार्शाक यांच्याबरोबर. ३०७२ या आकड्यातून क्वार्कच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांच्या) मिश्रणाचा व्ही-यूडी हा गुणक निघतो, साधारण ०.९७३७. त्याचा वर्ग, अधिक व्ही-यूएस आणि व्ही-यूबी (इतर दोन क्वार्कांसाठीचे तसेच गुणक) यांचे वर्ग, बेरीज नेमकी १ यायला हवी. सध्या ती ०.९९८५ च्या आसपास येते. तूट लहान आहे, पण आकड्यातल्या संभाव्य चुकीच्या दोनएक पट. एखादं अनोळखी कण किंवा बल असेल तर ते इथे डोकावेल, आणि कुठल्या हिशेबात गफलत असेल तर तीही इथेच. क्यूची अचूकता हवी ती या बेरजेसाठी.

आता तोलायचं कसं.

यंत्राचं नाव पेनिंग ट्रॅप. हान्स डेमेल्ट यांना १९८९ चं नोबेल मिळालं त्यात या सापळ्याचा मोठा वाटा आहे. जोरदार, एकसारखं चुंबकीय क्षेत्र, साधारण ४ ते ९ टेस्ला. आत विशिष्ट आकाराचे इलेक्ट्रोड आणि काही व्होल्टचं विद्युत क्षेत्र. आणि शक्य तितकी चांगली निर्वात पोकळी. चुंबकीय क्षेत्र आयनाला बाजूला जाऊ देत नाही, विद्युत क्षेत्र वर-खाली निसटू देत नाही. आयन मधल्या मध्ये घिरट्या घालतो, आणि घिरट्यांची वारंवारता असते विद्युतभार गुणिले चुंबकीय क्षेत्र भागिले वस्तुमान (आणि २π). वजनाचा प्रश्न असा वारंवारतेचा होतो. भौतिकशास्त्रात वारंवारतेइतकं अचूक आपण दुसरं काहीच मोजत नाही.

७ टेस्लामध्ये एकदा आयनीभूत झालेलं व्हॅनेडियम-४६ सेकंदाला सुमारे २३ लाख ४० हजार फेऱ्या मारतं. त्याची डॉटर टायटॅनियम-४६ किंचित हलकी, म्हणून ती त्याच क्षेत्रात सेकंदाला सुमारे ३८५ फेऱ्या जास्त मारते. हे ३८५ म्हणजेच ७०५३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची क्यू. तिच्यातला ०.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ओळखायचा असेल तर २३ लाख ४० हजारांतला ०.०२ हर्ट्झ ओळखावा लागतो. शंभर कोटींत दहा, एवढी ही अचूकता.

प्रत्यक्ष मोजणी कशी दिसते ते सांगतो. आयन सापळ्यात येतो तेव्हा त्याला आधी मध्यापासून थोडं बाजूला ढकलून संथ वर्तुळात फिरवतात. मग अंदाजे वारंवारतेचं रेडिओ सिग्नल ठरावीक वेळ देतात. अंदाज अचूक असेल तर संथ फिरणं वेगवान घिरट्यांत बदलतं आणि आयनाकडे आडवी ऊर्जा येते. मग सापळ्याचं दार उघडायचं. आयन चुंबकाच्या बाहेर पडताना क्षेत्र कमी होत जातं, आडवी ऊर्जा पुढच्या वेगात बदलते, आणि तो डिटेक्टरवर लवकर पोचतो. अंदाज चुकीचा असेल तर रमतगमत येतो. वारंवारता थोडी थोडी सरकवत हेच पुन्हा पुन्हा करायचं. पडद्यावर आलेखात मध्ये खोल दरी आणि दोन्ही बाजूंना लहान लहान लाटा उमटत जातात. त्या दरीचा तळ म्हणजे उत्तर.

दरी किती अरुंद, हे सिग्नल किती वेळ दिलं त्यावर ठरतं. ०.४ सेकंद दिलं तर रुंदी दोन-अडीच हर्ट्झ. काही हजार आयन जमवले तर दरीचा मध्य रुंदीच्या शंभराव्या भागापर्यंत सापडतो, म्हणजे तो ०.०२ हर्ट्झ. इथे अल्पायुष्य आडवं येतं. जास्त वेळ थांबावं तर आयन सापळ्यातच क्षय पावतो, कमी थांबावं तर दरी पसरट. रुबिडियम-७४ चं अर्धायुष्य फक्त ६५ मिलिसेकंद. व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतल्या टायटन गटाने त्यातले अनेक इलेक्ट्रॉन काढून टाकले, कारण भार वाढला की वारंवारता त्याच पटीत वाढते आणि तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या मिळतात. त्याच गटाने ८.८ मिलिसेकंद अर्धायुष्याचं लिथियम-११ ही तोललं. गेल्या दशकापासून दरीऐवजी आयनाचं फेरीतलं स्थान थेट कॅमेऱ्यासारख्या डिटेक्टरवर टिपायची पद्धत रुळली आहे; जर्मनीत डार्मस्टाटच्या शिपट्रॅप या सापळ्यात ती तयार झाली. माझ्या मते अल्पायुषी केंद्रकांसाठी गेल्या वीस वर्षांतली ही सगळ्यात उपयोगी सुधारणा.

चुंबकीय क्षेत्र नेमकं किती, हे कुणालाच इतकं अचूक माहीत नसतं. त्याची गरजही नसते. जळगावच्या सराफाला दोन पाटल्यांच्या वजनातला फरक हवा असेल तर तो दोन्ही त्याच काट्यावर एकामागून एक ठेवतो. काट्याची खोट दोन्हींना सारखीच लागते आणि फरकात उरत नाही. आम्ही पेरेंट आणि डॉटर त्याच सापळ्यात आलटून पालटून मोजतो. मग क्यूचं सूत्र असं: डॉटरची वारंवारता भागिले पेरेंटची वारंवारता, त्यातून १ वजा, गुणिले डॉटर अणूचं वस्तुमान उणे एक इलेक्ट्रॉन. १ वजा केल्यावर उरणारा आकडा फक्त ०.०००१६५. त्यामुळे डॉटरचं वस्तुमान आधीच्या तक्त्यात एक किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टने चुकलेलं असलं तरी क्यूमध्ये फक्त ०.१६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक येते. आणि दोघांचा वस्तुमानांक सारखा, म्हणून सापळ्यातल्या बहुतेक विकृती दोघांनाही सारख्याच लागतात. या क्षेत्रातली माझी आवडती युक्ती हीच आहे.

काटा स्थिर मात्र राहत नाही. चुंबकातला द्रव हीलियम ज्या दाबाला उकळतो तो बाहेरच्या हवेच्या दाबाबरोबर हलतो. हॉलचं तापमान एखाद्या अंशाने हललं तरी चुंबकाच्या आतल्या धातूंचे गुणधर्म सरकतात. म्हणून हीलियमचा दाब आणि हॉलचं तापमान बांधून ठेवतात, आणि मध्ये मध्ये ओळखीच्या आयनाची मोजणी घेतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात वाढलेल्या मला एका अंशासाठी रात्रीच्या शिफ्टला धावपळ करणारी माणसं बघून सुरुवातीला हसू यायचं. आजी फोनवर विचारायची, "काय मोजी राहिना रे भाऊ तठे?" तिला ०.०२ हर्ट्झ समजावणं मला कधी जमलं नाही.

मोजणीपेक्षा आधीची तयारीच जास्त वेळ खाते. केंद्रकं तयार करायची, जिनिव्हाला आयसोल्डमध्ये १.४ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉनने जाड लक्ष्यावर मारा करून, किंवा फिनलंडच्या युवास्कुलामध्ये पातळ लक्ष्य आणि हीलियमची पेटी वापरून. व्हॅनेडियमसारखा उष्णतेला दाद न देणारा धातू जाड लक्ष्यातून वेळेत बाहेरच येत नाही, तिथे दुसरी पद्धत लागते. मग आयन थंड करायचे, गुच्छ करायचे, नको असलेले हुसकायचे. व्हॅनेडियम-४६ बरोबर टायटॅनियम-४६ येणारच. सापळ्यात एका वेळी शक्यतो एकच आयन हवा, कारण वेगळ्या वजनाचा दुसरा आयन शेजारी असला की पहिल्याची वारंवारता ढळते.

या सगळ्या खटाटोपाने काय साधलं, याची सांगण्यासारखी गोष्ट व्हॅनेडियम-४६ चीच आहे. १९७७ मध्ये म्युनिकच्या गटाने हीलियम-३ च्या अभिक्रियांमधून अनेक सुपरअलाउड क्यू प्रसिद्ध केल्या होत्या. त्या काळात त्या सगळ्यात अचूक मानल्या गेल्या आणि जवळजवळ तीस वर्षं सरासरीत वजनदार राहिल्या. २००५ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सावार आणि सहकाऱ्यांनी कॅनेडियन पेनिंग ट्रॅपमध्ये व्हॅनेडियम-४६ तोललं. क्यू दोन किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त वर निघाली. ७०५३ मध्ये दोन म्हणजे काय, असं वाटेल. पण पाचवा घात लाव. f हजारात दीडने बदलतो, आणि व्हॅनेडियम-४६ बाकीच्यांच्या ओळीतून बाहेर फेकलं जातं.

आता चूक कुणाची? दुसऱ्या वर्षी युवास्कुलाच्या गटाने वेगळ्या सापळ्यात, वेगळ्या हातांनी तोललं आणि आर्गॉन प्रयोगशाळेचाच आकडा आला. पुढे म्युनिकलाच पुन्हा अभिक्रिया करून पाहिली, तीही सापळ्यांच्याच बाजूने. म्हणजे वजन बरोबर होतं आणि तरीही केंद्रक ओळीत बसत नव्हतं. हार्डी आणि टाउनर हे भौतिकशास्त्रज्ञ तोवर सिद्धांताकडे वळले होते. समरूपतेतल्या तुटीची दुरुस्ती काढताना कॅल्शियम-४० सारखा गाभा निष्क्रिय धरला होता. गाभ्यातल्या कक्षाही हिशेबात घ्यायला हव्यात असं २००८ मध्ये त्यांनी दाखवलं. दुरुस्ती बदलली आणि व्हॅनेडियम-४६ पुन्हा ओळीत आलं. हव्या त्या उत्तरासाठी सिद्धांत वाकवला, असा आक्षेप काहींनी घेतला. मला तो पटत नाही, कारण नव्या दुरुस्त्या सगळ्याच केंद्रकांना लावल्या आणि एकूण जुळणी सुधारली. पण आक्षेप घेणं रास्त होतं.

एक वेगळं उदाहरण थोडक्यात. डिस्प्रोसियम-१६३ स्थिर आहे, पण त्याचे सगळे ६६ इलेक्ट्रॉन काढून घेतले तर ते साधारण ४७ दिवसांत निम्मं होतं. सुटणारा इलेक्ट्रॉन रिकाम्या कवचात जाऊन बसतो. १९९२ मध्ये डार्मस्टाटच्या साठवण-कड्यात हे पाहिलं गेलं. डिस्प्रोसियम आणि त्यापासून बनणारं होल्मियम यांच्या वस्तुमानांत जेमतेम २.९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहे, आणि स्थिर की अस्थिर हे तेवढ्यावर ठरतं. हीच जोडी आता न्यूट्रिनोच्या वस्तुमानासाठी तोलली जाते.

आता तुझा तिसरा प्रश्न, आणि इथे स्पष्ट बोलतो. सुपरअलाउड क्षयांच्या वजनात आणखी एक दशांश स्थान मिळवून आज फारसं हाती लागणार नाही. मोजणी पुढे गेली आहे, अडलं आहे ते सिद्धांताच्या दुरुस्त्यांवर, आणि कार्बन-१० सारख्या ठिकाणी शाखांच्या प्रमाणावर; त्याचा फक्त दीड टक्का क्षय आपल्याला हव्या त्या शाखेने जातो. २०१८ मध्ये विकिरणाच्या एका दुरुस्तीचा हिशेब नव्याने झाला आणि त्यातून व्ही-यूडी खाली आला. बेरजेतली आत्ताची तूट बरीचशी त्यामुळे ठळक झाली. त्यामुळे "सापळा नाही, मग काय करू" म्हणून रडत बसू नकोस. केंद्रकीय रचनेचे हिशेब आणि विश्लेषण यांना पेन, डोकं आणि लॅपटॉप लागतो, आणि लाइट गेली तरी बॅटरी दोन तास चालते.

प्रयोगच करायचा असेल तर घर सोडावं लागेल. दिल्लीच्या आयुकमध्ये (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पेलेट्रॉन, म्हणजे आयनांना वेग देणारी यंत्रं आहेत, कोलकात्याच्या व्हीईसीसीमध्ये (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर) किरणोत्सारी बीमवर काम चालतं. आयुकची उभारणीच विद्यापीठांतल्या लोकांसाठी झालेली आहे, आपल्या जळगावच्या विद्यापीठातूनही प्रस्ताव जाऊ शकतो. पीएच.डी.साठी नुसती नेट धरून बसू नको. जेस्ट आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा दोन्ही दे.

आज रात्रीचं काम मात्र घरबसल्या होईल. ॲटॉमिक मास इव्हॅल्युएशनचा २०२० चा तक्ता आणि त्याच्या जोडीचा न्यूबेस (अर्धायुष्यं आणि आयसोमर यांचा तक्ता), दोन्ही साध्या टेक्स्ट फाइली आहेत आणि फुकट आहेत. त्यातून पोटॅशियम-३८ आणि आर्गॉन-३८ चे मास-एक्सेस (वस्तुमानातून वस्तुमानांक वजा करून उरणारा फरक) घेऊन वजाबाकी कर. ५९१४ च्या आसपास काहीतरी येईल, आणि ते आपल्या कामाचं नाही: तक्त्यात आहे ती स्पिन ३ ची तळ-अवस्था, सुपरअलाउड क्षय होतो तो तिच्या १३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर बसलेल्या आयसोमरचा. ते १३० न्यूबेसमधून घेऊन मिळव, ६०४४ यायला हवेत. ते विसरून f काढलास तर चूक दहा-अकरा टक्क्यांची होते. ते जमलं की अशीच क्यू ॲल्युमिनियम-२६ साठी काढ. तिथे आयसोमर २२८ वर आहे.